आरांची फुले आणि शाळेतले पोस्टर कलर

चित्रकार के. एच. आरा (१९१४-१९८५) यांच्या फुलदाण्या पाहताना विज्ञानाचे शिक्षक बहुधा अडखळतात. फूल कोणते, पाकळ्या किती, हे काही केल्या ठरत नाही. मग हे फुलांचे चित्र कसे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर रंग कसा लावला आहे यात शोधावे लागते.

आरा मूळचे हैदराबादजवळच्या बोलारमचे. लहानपणीच ते मुंबईत आले आणि मोटारी धुण्यासारखी कामे करत चित्रे काढू लागले. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, गाडे आणि बाकरे यांच्यासह त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. त्यांच्या स्थिरवस्तुचित्रांवर फ्रेंच उत्तर-दृक्प्रत्ययवादी चित्रकार सेझान (१८३९-१९०६) याची छाप आहे. सेझान इतका सावकाश काम करी की खरी फुले तोवर सुकून जात. म्हणून तो कागदी फुलेही मांडी. त्याला फुलाची जात नको होती, घडण हवी होती. गोलाई दाखवण्यासाठी नुसते गडद-फिके करण्याऐवजी तो उष्ण आणि शीत रंगांचे छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवी.

आरांनी ही दृष्टी जलरंगात आणि ग्वाशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, आणली. रंग ते इतका जाड लावत की चित्र तैलरंगातले वाटावे. आपल्या शाळेतले पोस्टर कलर हे ग्वाशचेच भाऊबंद. तेव्हा हे तंत्र वर्गात करून पाहता येते.

घोडबंदर रोडवरील एका शाळेत आम्ही ते करून पाहिले. दसऱ्याच्या सुमारास झेंडूला तोटा नव्हता. स्टीलच्या तांब्यात फुले ठेवली. निम्म्या मुलांनी पेन्सिलीने आकार काढून त्यात पातळ रंग भरला. उरलेल्यांनी पेन्सिल न घेता जाड रंगाचे थेट फटकारे मारले. पहिल्या गटाचे झेंडू ओळखू येत होते, पण कागदाला चिकटल्यासारखे सपाट होते. दुसऱ्या गटाच्या चित्रांत एकही पाकळी मोजता येत नव्हती. फुलांचा भार मात्र जाणवत होता. एका मुलीने विचारले, "ओला असताना रंग गडद होता, वाळल्यावर फिका का झाला?"

पातळ जलरंगातून प्रकाश आरपार जातो, कागदावरून परततो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. तिथे कागदच पांढरा रंग असतो. जाड ग्वाशमध्ये रंगकण दाट असतात, प्रकाश त्या थरातच विखुरतो. ओलेपणी कणांमधल्या फटींत पाणी असते. वाळल्यावर तिथे हवा येते, विखुरणे वाढते आणि रंग फिका, निस्तेज दिसतो. ओली माती गडद दिसते, त्याचे कारण हेच. तैलरंगातले जवसाचे तेल मात्र उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते, फटी भरलेल्याच राहतात आणि रंगाची खोली टिकते.

म्हणजे आरांनी ग्वाशमध्ये तैलरंगाचे वजन मिळवले, त्याची खोली मात्र त्यांना मिळणार नव्हती. आमच्या मते त्यांच्या चांगल्या चित्रांत ही मर्यादाच कामी आली आहे. कोरड्या, बिनचकाकीच्या पृष्ठभागावर ब्रशचा फटकारा स्पष्ट उरतो, आणि तोच पाकळीची जागा घेतो. जिथे तीच मांडणी पुन्हा पुन्हा येते, मधोमध फुलदाणी आणि मागे सपाट रंग, तिथे मात्र फटकारा सवयीचा वाटतो. पाहणे थांबून हात चालू राहिला असे जाणवते.

चित्रकलेच्या तासाला आपण 'रेषेबाहेर रंग जाऊ देऊ नका' असे बजावतो. वनस्पतिशास्त्राच्या आकृतीसाठी ते योग्यच आहे, कारण तिथे पाकळ्या मोजायच्या असतात. फुलाचे वजन, त्याची गर्दी, त्यावरचा उजेड सांगायचा असेल, तर रेषा आधी आखून घेण्याने मुलाचे पाहणे तिथेच संपते. तपासताना निदान या दोन कामांना एकाच मापाने गुण देऊ नयेत.