शिरोळच्या मातेचा शोक : ‘गुरुचरित्रा’तील क्षमा आणि ऋणमोचन

सरस्वती गंगाधर यांच्या ‘श्रीगुरुचरित्रा’चे वाचन बहुधा पारायणाच्या अंगाने होते. त्यामुळे त्यातील आख्यानांकडे केवळ चमत्कारकथा म्हणून पाहण्याची सवय जडते, आणि विसाव्या व एकविसाव्या अध्यायांतील शिरोळच्या ब्राह्मणस्त्रीच्या कथेचे मर्म सहज निसटते. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील नृसिंहवाडी, म्हणजे ग्रंथातील अमरापूर, हे या कथेचे स्थल होय. बारा वर्षांच्या वास्तव्यानंतर नृसिंहसरस्वती तेथून गाणगापुरास गेलेले आहेत; मागे औदुंबर व पादुका उरल्या आहेत. गुरूंच्या या अनुपस्थितीतच क्षमा आणि शोक यांच्या संबंधाचा प्रश्न उभा राहतो.

गंगाधर नामक ब्राह्मणाच्या या पत्नीची मुले एकामागून एक दगावतात. तिला कारण सांगण्यात येते ते असे : पूर्वजन्मी तिने शौनकगोत्री ब्राह्मणाचे द्रव्य बुडविले, त्याने आत्मघात केला, आणि आता पिशाच होऊन तो तिची संतती हिरावून घेत आहे. मातेच्या दुःखाचे मूळ तिच्याच विस्मृत अपराधात शोधणारी ही उपपत्ती आजच्या वाचकास कठोर वाटेल, आणि ती कठोर आहेच. तथापि पिशाच हा येथे केवळ उपद्रव नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. अन्याय सोसून मेलेला आणि उत्तरक्रियेवाचून राहिलेला असा तो माणूस आहे. कथेतील पहिला शोक वस्तुतः त्याच्यासाठी व्हावयास हवा होता, व तो कोणीच केलेला नाही.

तिला सांगितलेला उपाय या दृष्टीने अर्थपूर्ण ठरतो. संगमस्नान व औदुंबरसेवा यांच्या जोडीला त्या मृताचे और्ध्वदेहिक करावे आणि त्याच्या गोत्रातील ब्राह्मणास शंभर द्रव्य द्यावे, असे तिला सांगितले जाते. म्हणजे अपराध्याने अन्यायग्रस्ताचे सुतक पाळावयाचे आहे. ती निर्धन आहे; पिशाच मात्र स्वप्नात येऊन संपूर्ण रक्कम मागते. तेव्हा श्रीगुरू मध्यस्थ होतात, आणि तिला जेवढे शक्य असेल तेवढे घेऊन सद्गती स्वीकारावी, असे त्यास बजावतात. येथे ऋण नाकारलेले नाही, परंतु त्याची वसुली ऐपतीपुरती मर्यादित केली आहे. क्षमा ही या कथेत मनाची कोवळीक नसून तडजोडीने साधलेला व्यवहार आहे.

एवढ्यावर कथा संपती, तर ती सामान्य ऋणमोचनकथा ठरली असती. परंतु पुढे झालेल्या दोन पुत्रांपैकी एक मंगलकार्याच्या तोंडावर धनुर्वाताने मरतो. ऋण फिटले, तरी मृत्यू टळला नाही. एक ब्रह्मचारी येऊन देहाच्या नश्वरतेचा उपदेश करतो. तो उपदेश शास्त्रशुद्ध आहे आणि सर्वस्वी निष्फळ आहे. ज्याचा आश्रय घेतला त्यानेच दगा दिला, असा तिचा प्रतिवाद आहे. ती प्रेत दहनासाठी देत नाही. ते उराशी घेऊन औदुंबरातळी जाते आणि पादुकांवर मस्तक आपटते. कवीने तिच्या या आक्रोशास पाखंड म्हटलेले नाही, यातच त्याची थोरवी आहे. हिशेब चुकता करून अपराधाची बाकी मिटते; शोकाची मिटत नाही.

हाच भेद दूरच्या एका अर्वाचीन घटनेत स्पष्ट दिसतो. अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात निकेल माइन्स येथे २ ऑक्टोबर २००६ रोजी एका बंदूकधाऱ्याने आमिश या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली मरण पावल्या, आणि मारेकऱ्याने आत्मघात केला. आमिश लोकांनी त्याच्या कुटुंबाकडे जाऊन क्षमा कळविली व त्याच्या दफनासही ते उपस्थित राहिले. तेथे कोणतीही भरपाई मागितलेली नाही. क्षमा आधीच दिली गेली. शिरोळच्या कथेत ती प्रायश्चित्तानंतर येते. धर्मविचारातील हे अंतर मोठे आहे. तरीही क्षमा केल्याने मुलींच्या मातापित्यांचा शोक संपला नाही, आणि आपण शोकमुक्त झालो असा दावाही त्या समाजाने केला नाही. वैर सोडणे हा निश्चय असू शकतो. दुःख निश्चयाने सुटत नाही.

आख्यानाच्या अखेरीस स्वप्नात जटाधारी यती प्रकट होतो आणि बालक सजीव होते. भक्तिग्रंथाच्या प्रयोजनास हा शेवट अनुरूप आहे. परंतु वाङ्मयदृष्ट्या त्याने कवीस सर्वांत अवघड प्रश्नातून सोडविले, असेच म्हणावे लागते. मूल परत आले नसते, तर त्या मातेस कोणते शब्द पुरले असते, याचे उत्तर ग्रंथात नाही. म्हणून या कथेचा उत्कर्षबिंदू संजीवनात न शोधता त्याआधीच्या रात्रीत शोधावा. ग्रामस्थ प्रेत मागून थकले व घरी परतले आहेत, पती जवळ बसून आहे, आणि उपदेश संपल्यावर उरलेले दुःख त्या स्त्रीने कोणाच्याही स्वाधीन केलेले नाही.