कृमींची नावे आणि माशांचे आरोग्य : एका लेखनपरंपरेचे परीक्षण

गोड्या पाण्यातील मासे आणि मासे खाणारे पक्षी यांच्या शरीरातील कृमींविषयी भारतात गेल्या शतकभरात विपुल लेखन झाले आहे. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतील साउथवेल यांचा पट्टकृमींवरील द्विखंडात्मक ग्रंथ १९३० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांतून, आणि त्यांत महाराष्ट्रातील विभागही आले, नव्या जातींच्या वर्णनांचा ओघ वाहू लागला. या लेखनाचा साचा बहुधा ठरलेला असतो : कृमीच्या शिरोभागाची व चूषकांची मापे, अंडाशयाचा आकार, ज्या प्राण्यात तो सापडला त्याचे नाव, गावाचे नाव, आणि अखेरीस नव्या जातीचे नामकरण. या श्रमांचे मोल नाकारता येत नाही. नावाखेरीज शास्त्र उभेच राहत नाही. परंतु नाव दिले म्हणजे ज्ञान झाले काय, हा प्रश्न या लेखनास विचारणे आता अगत्याचे आहे.

या प्रश्नाला एक रोखठोक उत्तर २०११ मध्ये मिळाले. अनिर्बाण आश, टोमास शोल्झ व त्यांचे सहकारी यांनी मागूर माशातील खंडविरहित पट्टकृमींचे मूळ नमुने पुन्हा तपासले, भारत, इंडोनेशिया व थायलंड येथून नवे नमुने मिळविले, आणि या माशातून वर्णिलेल्या १५ प्रजातींतील ५९ जातींपैकी केवळ ५ प्रजातींतील ८ जाती ग्राह्य ठरविल्या. उरलेली नावे निराधार ठरली. हे कसे घडते ते समजणे कठीण नाही. मेलेल्या माशातून उशिरा काढलेला कृमी कुजू लागलेला असतो. जिवंत कृमी थंड द्रावणात टाकला तर तो आखडतो, आणि काचपट्टीवर दाबून बसविला तर पसरतो. या निरनिराळ्या आकृत्यांनाच निरनिराळ्या जाती मानण्यात आले. ‘चहा’ आणि ‘चा’ हे दोन उच्चार ऐकून कोशकार दोन शब्दांची नोंद करीत नाही; प्रथम तो उच्चारभेद अर्थभेदक आहे की नाही हे पाहतो. तोच विवेक येथे सुटला.

मात्र नावांची ही अनावश्यक वाढ हा दोषाचा लहान भाग होय. मोठा दोष असा की, या वर्णनांत किती मासे तपासले, त्यांपैकी किती बाधित निघाले, ऋतू कोणता होता, बाधित माशाचे वजन घटले होते काय, आणि तो कृमी पुढे कोणत्या पक्ष्यात जातो, यांविषयी बहुधा मौन असते. कृमीचे चरित्र सांगितले जाते, परंतु त्याच्या संसाराचा उल्लेख नसतो.

या मौनाची किंमत कोणास मोजावी लागते, हे एखाद्या प्रत्यक्ष प्रदेशाकडे पाहिल्यावर ध्यानी येते. कुकडी प्रकल्पाची पाच धरणे जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांत आहेत : कुकडीवर माणिकडोह व येडगाव, मीनेवर वडज, आर नदीवर पिंपळगाव जोगे, आणि घोडनदीवर आंबेगावातील डिंभे. धरणांनी वाहत्या नद्यांची संथ तळी झाली. डिंभ्याच्या पाण्याखाली ज्यांची शेते गेली त्यांत महादेव कोळी कुटुंबे पुष्कळ होती. ‘कोळी’ हा शब्द ऐकून किनाऱ्यावरील मच्छीमार डोळ्यांपुढे येतो. वस्तुतः ही डोंगरातील शेतकरी जमात, आणि मासेमारी तिच्या हाती मुख्यतः धरणाच्या पाण्याने आली. केवळ नावावरून जीवनक्रम ताडू पाहिल्यास अशी फसगत होते. ‘शाश्वत’ या संस्थेच्या साहाय्याने या धरणग्रस्तांनी मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, आणि ‘शाश्वत’च्या कार्यास २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. अशा लोकांस मत्स्यकृमींच्या शास्त्राकडून तीन साधी उत्तरे हवी असतात : हा मासा खावा की टाकावा, दोष पक्ष्याचा आहे काय, आणि यावर उपाय काय.

ही उत्तरे कृमीच्या जीवनचक्रातच असतात. माशाच्या मांसात पिवळसर गाठी आढळल्या तर त्या बहुधा क्लिनोस्टोमम या पर्णकृमीच्या असतात. याचा प्रौढ बगळ्याच्या तोंडात व घशात राहतो. पक्षी पाण्यात चोच घालतो तेव्हा अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी गोगलगाईत शिरते, तेथे एकीच्या अनेक होतात, आणि शेपटीच्या अळ्या बाहेर पडून माशाची त्वचा भेदतात. तो मासा बगळ्याने गिळला की फेरा पुरा होतो. लिग्युला या पट्टकृमीची वाट निराळी : प्रथम पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राणी, मग मासा, मग पक्षी. माशाच्या उदरात तो इतका वाढतो की जननग्रंथी खुंटतात व मासा वांझ होतो. पक्ष्यात मात्र तो काही दिवसच जगतो. याउलट आर्ग्युलस ही माशांची ऊ आणि लर्निया हा नांगरकृमी यांस पक्ष्याची गरजच नसते. ती माशावरून माशावर जातात. १९८८ मध्ये भारतात शिरलेल्या व्रणरोगाचे कारण तर कृमी नसून बुरशीसदृश जीव होय. या सर्वांस ‘माशांचे परजीवी व रोग’ या एकाच मथळ्याखाली मांडले की निरपराध पक्षी आरोपी ठरतो.

परिभाषाही या गोंधळास हातभार लावते. ज्याच्या शरीरात कृमी राहतो त्यास मराठीत यजमान, पोषक, पोशिंदा, आश्रय असे नाना शब्द आहेत. यजमान आमंत्रण देतो. माशाने कोणास बोलाविलेले नसते. परंतु याहून घातक आहेत ती विशेषणे. गोगलगाय ‘मध्यस्थ’ आणि पक्षी ‘अंतिम’ असे म्हटले की, गोगलगाय ही दोघांतील गौण दुवा आणि पक्षी हा गोष्टीचा शेवट, असा बोध होतो. वस्तुस्थिती उलट आहे. क्लिनोस्टोममची संख्या वाढते ती गोगलगाईत, आणि नवी पिढी सुरू होते ती पक्ष्यात. त्यापेक्षा ‘ज्यात वाढतो’, ‘ज्यात थांबतो’ आणि ‘ज्यात प्रौढ होतो’ असे क्रियावाचक वर्णन लांबट असले तरी प्रामाणिक आहे.

जीवनचक्र असे मांडले की व्यवहारही उलगडतो. पिवळ्या गाठींचा मासा किळसवाणा दिसला तरी नीट शिजविल्यास अपायकारक नाही. जपान व कोरियात या कृमीने माणसाचा घसा धरल्याच्या नोंदी कच्चा मासा खाण्याशी निगडित आहेत. पाणकावळे व बगळे मारणे हा उपाय नव्हे : ‘वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२’ अन्वये तो गुन्हा तर आहेच, शिवाय दुर्बळ मासे वेचणारा पक्षीच नाहीसा होतो. तो बीज पेरतो हे खरे, परंतु पीक येते ते गोगलगाईमुळे. विस्तीर्ण जलाशयात औषध ओतणेही व्यर्थ होय. उन्हाळ्यात पाणी ओसरून मासे, गोगलगाई व पक्षी उथळ काठाशी दाटतात तेव्हाच संसर्गास अनुकूल काळ येतो. लक्ष ठेवावयाचे ते तेव्हा, आणि पाण्यात सोडावयाचे मत्स्यबीज आर्ग्युलस व लर्निया यांपासून मुक्त आहे की नाही हे सोडण्यापूर्वी पाहावयाचे.

या परीक्षणाचा निष्कर्ष वर्णनात्मक कृमिशास्त्र त्याज्य आहे असा नाही. जातीची ओळख चुकली तर जीवनचक्रही चुकते; म्हणून जिवंत कृमी उष्ण द्रावणात स्थिर करणे आणि मूळ नमुने इतरांस तपासता येतील असे सुरक्षित ठेवणे, ही पहिली अट होय. परंतु यापुढील प्रबंधांचे मोल नव्या नावांच्या संख्येवर ठरू नये. तपासलेल्या व बाधित माशांची संख्या, ऋतू, माशाच्या शरीरावरील परिणाम, आणि त्याच पाण्यातील गोगलगाय व पक्षी यांची नोंद, एवढे ज्या प्रबंधात असेल तो एकही नवी जात न सांगता उपयुक्त ठरेल. डिंभ्याच्या काठी जाळे ओढणाऱ्या माणसास कृमीचे लॅटिन नाव माहीत नसले तरी चालते. ते नाव देणाऱ्यास मात्र त्या माणसाचा प्रश्न माहीत असावयास हवा.