एक मागे म्हणजे नेमके कुठे?

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील विज्ञान शिक्षकांशी बोलताना मी एकदा एक प्रश्न टाकला. मुरबाडहून माळशेजकडे जाताना आधी सरळगाव लागते, मग टोकावडे. आपण टोकावड्यात उभे आहोत आणि कोणी सांगितले, 'एक गाव मागे जा', तर कुठे थांबायचे? कोणी म्हणाले सरळगावात शिरताच, कोणी म्हणाले ते ओलांडून. चूक कोणाचीच नव्हती. सूचनाच अपुरी होती.

संगणकाच्या चुंबकीय फितीबाबत हेच घडते. तिच्यावर फायली एकामागून एक लिहिलेल्या असतात. प्रत्येक फाइल संपली की शिवेच्या दगडासारखी एक खूण असते. माळशेजपलीकडे खोडदला 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची रेडिओ दुर्बीण आहे. तिची निरीक्षणे पूर्वी संशोधकांना अशा फितींवर मिळत. मोठे संग्रह आजही फितींवर जपले जातात.

लिनक्समध्ये फीत पुढेमागे नेण्यासाठी 'एमटी' ही आज्ञा आहे. तिच्यातील 'बीएसएफ'बद्दल माहितीपान सांगते : दिलेल्या संख्येइतक्या फायली मागे जाऊन फीत आधीच्या फाइलच्या शेवटच्या ठोकळ्यावर थांबते. यात दोन दोष आहेत. यंत्र फायली मोजत नाही, खुणा मोजते. आणि फीत ठोकळ्यावर नव्हे, तो संपल्यावर, खुणेला टेकून थांबते. तेथून वाचू गेल्यास ठोकळा मिळत नाही. 'फाइल संपली' एवढेच कळते. तेथे लिहू गेल्यास खूण पुसते आणि पुढच्या साऱ्या फायली गमावतात. पान लिहिणाऱ्याला हे सारे ठाऊक असते. म्हणूनच ते लिहायचे राहून जाते.

मी ते असे लिहीन :

'बीएसएफ 1' दिल्यावर फीत मागे जाते, वाटेतली पहिली खूण ओलांडते आणि तिच्या आरंभाकडील बाजूस थांबते. चालू फाइलच्या सुरुवातीला यायचे तर त्यानंतर 'एफएसएफ 1' द्या. आधीच्या फाइलची सुरुवात हवी तर 'बीएसएफ 2', मग 'एफएसएफ 1'. पहिल्या फाइलच्या आधी खूण नसते. तिच्यासाठी फीत पूर्ण मागे गुंडाळा. उपकरणाचे नाव 'एनएसटी0' द्या; 'एसटी0' दिल्यास आज्ञा संपताच फीत आरंभाला परतते. जागेची खात्री होईपर्यंत काही लिहू नका.

मजकूर वाढला, हे खरे. पण आता सुरुवात कुठून, काय घडते, शेवटी कुठे पोचतो आणि धोका कोणता, हे चारही कळते.

आपल्या प्रयोगवहीतील 'थोडे आम्ल घालून नळी तापवा' हे वाक्य याच कसोटीवर घासून पाहा. थोडे म्हणजे किती? कधीपर्यंत तापवायचे? नळीचे तोंड कोणाकडे? सूचना लिहून झाली की तो प्रयोग कधीही न केलेल्या सहकाऱ्याच्या हाती द्या. आम्लाऐवजी पाणी घ्या, दिवा पेटवू नका आणि शेजारी गप्प उभे राहा. तो जिथे अडेल, तिथे वाक्य दुरुस्त करा.