ग्रंथालयांचे उत्सव आणि घरोघरचीं दप्तरें

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांतील सार्वजनिक ग्रंथालयांतून वर्षभर जे कार्यक्रम होतात, त्यांचें परीक्षण करावें, असें बरेच दिवस मनांत होतें. पुस्तकांचें परीक्षण करण्याची आपल्यांत वहिवाट आहे. कार्यक्रमांचें सहसा कोणी करीत नाहीं. परंतु ज्या संस्था वर्गणीदारांच्या पैशावर व सरकारी अनुदानावर चालतात, त्यांच्या कार्यक्रमांचेंही मोल केव्हां तरी केलें पाहिजे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. २७ फेब्रुवारीस मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरास वाचन प्रेरणा दिन, १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह, आणि जिल्ह्याच्या ठिकाणीं ग्रंथोत्सव, हा क्रम आतां ठरून गेला आहे. ग्रंथोत्सवांत सकाळीं ग्रंथदिंडी, मागून उद्‌घाटन, दुपारीं परिसंवाद, सायंकाळीं कविसंमेलन, आणि मंडपाच्या कडेस विक्रीचीं दुकानें. यांत निंद्य असें कांहीं नाहीं. मुलें दिंडींत चालतात, पुस्तकें खपतात, गांवांतील माणसें दोन घटका एकत्र बसतात. या भागांतील लोकांस ग्रंथांची आवड नाहीं, असेंही कोणी म्हणूं नये. एप्रिल २०२२ मध्यें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उदगिरास भरलें, तेव्हां तिची साक्ष पटली.

ग्रंथालय व सभा यांचें नातेंही मराठवाड्यांत जुनें आहे. परभणीचें गणेश वाचनालय १९०१ मध्यें निघालें, राजधानींतील मराठी ग्रंथसंग्रहालय १९२२ मध्यें. सरकारी कारभार उर्दूंत, आणि सभा भरवावयाची तर गश्ती क्रमांक ५३ प्रमाणें आधीं परवानगी मागावयाची, अशा त्या राजवटींत वाचनालय हेंच मराठी माणसाचें एकत्र जमण्याचें ठिकाण होतें. त्या काळीं पंचवीस माणसें एका छपराखालीं बसलीं, हेंच कार्यक्रमाचें फळ होय. १७ सप्टेंबर १९४८ नंतर ती अडचण उरली नाहीं. पुढें १९५५ चा हैदराबाद संस्थानचा ग्रंथालय कायदा आला व त्याच्या जागीं १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. आतां जमण्यास कोणाची हरकत नाहीं. म्हणून केवळ जमणें हें फळ मानतां येत नाहीं. जमून काय केलें, हें विचारावें लागतें. माझा आक्षेप एवढाच, कीं या सर्व कार्यक्रमांत आपल्याच प्रांतांतील लिखित धनास कोठें जागा नाहीं.

तें धन थोडें नाहीं. राष्ट्रकूट राजे आपणांस ज्या लत्तलूर नगराचे स्वामी म्हणवीत, तें लातूरच असें बहुतेक विद्वान् मानतात. कंधारास राष्ट्रकूटांचे अवशेष आहेत, तसे तेथें जुने दर्गेही आहेत. उदगिरापाशीं फेब्रुवारी १७६० मध्यें सदाशिवरावभाऊंनीं निजामाचा पराभव केला. माहुरास महानुभावांचें श्रद्धास्थान, देगलुरास गुंडामहाराजांची परंपरा, औशास नाथांचा मठ. एका बाजूस कानडी, दुसऱ्या बाजूस तेलुगु, मध्यें मराठी, आणि वरून फारसी-उर्दू दफ्तर. निलंग्यांत जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनीं फारसी साधनें मराठींत आणण्याचें जें काम केलें, तें अशाच बहुभाषी भूमींतून उगवलें. या भूमींतील देशमुख-देशपांड्यांचे वाडे, मठ, दर्गे व भिक्षुकांचीं घरें यांतून पोथ्या व कागद अजून बस्त्यांत बांधलेले आहेत.

ते किती दिवस राहतील, याचा भरंवसा नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील गांवें जमीनदोस्त झालीं. सात हजारांहून अधिक माणसें गेलीं. दगडमातीच्या जाड भिंती व वरचें माळवद यांनींच घरांतल्यांचा घात केला. मनुष्यहानीपुढें कागदांची गोष्ट काढणें त्या वेळीं अनुचित होतें, आणि कोणीं काढलीही नाहीं. परंतु आतां इतक्या वर्षांनीं विचारावेंसें वाटतें, कीं त्या माळवदांखालीं कोणतीं दप्तरें दडपलीं? उत्तर देतां येत नाहीं. कारण तीं होतीं अशी गांववार यादीच माझ्या पाहण्यांत नाहीं. जें कधीं नोंदलें नाहीं, तें गेलें हेंही कळत नाहीं.

आतां एक अनुभव सांगतों. या दोहोंपैकीं एका जिल्ह्यांत, एका ग्रंथालयाच्या कार्यक्रमांत माझें मोडीवर व्याख्यान होतें. व्याख्यान संपलें, आभारप्रदर्शन झालें, खुर्च्या उचलूं लागले. तोंच एक वृद्ध शेतकरी धोतराच्या फडक्यांत बांधलेलें दप्तर घेऊन पुढें आले व म्हणाले, "गुरुजी, हें वाचून दाखवा. आमच्यांत आतां कोणाला येत नाहीं." व्यवस्थापकांस सभागृह रिकामें करावयाचें होतें. आम्ही दोघे बाहेर ओसरीवर बसलों. अंधार पडेपर्यंत दोन कागद झाले. एकांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरविल्या होत्या. दुसऱ्यावर फसली सन होता. त्यांत ५९० मिळवून मीं इसवी सन सांगितला, तेव्हां त्यांनीं बोटांवर पिढ्या मोजल्या. उरलेलें दप्तर पुन्हां बांधलें गेलें. मोडीची थोरवी मीं घंटाभर सांगितली होती, आणि मोडी वाचण्याची वेळ आली तेव्हां कार्यक्रम संपलेला होता. हा दोष एकट्या व्यवस्थापकांचा नव्हे. मलाही तो आधीं सुचला नाहीं.

दोन्ही गोष्टी एका ठिकाणीं होऊं शकतात, याचें उत्तम उदाहरण बडोद्याचें आहे. सयाजीराव महाराजांनीं १९१० मध्यें अमेरिकेहून बोर्डन नांवाच्या ग्रंथालयतज्ज्ञास आणलें. खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या पेट्या फिरूं लागल्या. निरक्षरांसाठीं चित्रें दाखविण्याची स्वतंत्र शाखा निघाली. म्हणजे लोकरंजनाचा मार्ग त्यांनीं टाकला नाहीं. परंतु त्याच ग्रंथालयाचा एक संस्कृत विभाग होता. तेथील चिमणलाल दलाल यांनीं पाटणच्या जैन भांडारांची पाहणी केली. आणि राजशेखराची काव्यमीमांसा १९१६ मध्यें गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून बाहेर पडली. पुढें १९२७ मध्यें या विभागांतूनच प्राच्यविद्या मंदिर झालें. खेडुतांस चित्रें दाखविणारें ग्रंथालय आणि अलंकारशास्त्राचा लुप्तप्राय ग्रंथ उजेडांत आणणारें ग्रंथालय हीं दोन नव्हतीं.

येथें आपण संग्राहकांनींही आपल्याकडे पाहावें. राजवाडे यांस बीडजवळील पाटांगण येथें ज्ञानेश्वरीची जुनी प्रत मिळाली; तिच्यावरून त्यांनीं १९०९ मध्यें आपली आवृत्ति काढली. ती मूळ प्रत आज पाहावयास मिळत नाहीं, आणि तिच्याविषयींचा वाद त्यामुळेंच मिटत नाहीं. एवढ्या थोर पुरुषाच्या हातीं गेलेल्या पोथीची ही गत, तर आमच्यासारख्यांच्या कपाटांतील पोथ्यांची काय कथा? "वाचून परत देतों" म्हणून नेलेले बस्ते परत गेले नाहींत, ही तक्रार मीं गांवोगांव ऐकली आहे. लोक दप्तर दाखवीत नाहींत याचें कारण अज्ञान नसून अनुभव आहे. शिवाय जमिनीच्या तंट्याची भीति असते, तीही खोटी नाहीं.

म्हणून माझी सूचना अशी. ग्रंथोत्सवाच्या एका दिवसाची दुपार दप्तरवाचनास द्यावी. मोडी, फारसी-उर्दू, संस्कृत व कानडी जाणणारे जे मिळतील त्यांस बसवावें. आणणाऱ्यानें समोर बसून आपलें दप्तर सोडावें; वाचकानें विषय, काळ, लिपि, पत्रसंख्या व स्थिति एवढेंच टिपावें. टिपणाच्या दोन प्रति कराव्या, एक मालकाची व एक ग्रंथालयाची. मालकानें संमति दिली तरच छायाचित्र घ्यावें. सायंकाळीं दप्तर ज्याचें त्याच्या हातीं परत जावें. एक चिटोरेंही मागें राहूं नये. ग्रंथपालांवर कामाचा बोजा फार व वेतन थोडें, हें मी जाणतों. हें काम निवृत्त शिक्षकांनीं व या त्रैमासिकाच्या वाचकांनीं उचलावें.

मोडीचे वर्ग भरतात ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु वर्गांत अक्षरओळखीबरोबर कालगणनाही शिकवावी. 'सितैन मया व अलफ' हीं अक्षरें लागलीं तरी अर्थ लागत नाहीं. तो सुहूर सन ११६० होय, आणि त्यांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इ. स. १७५९-६०, अर्थात् उदगीरच्या लढाईचें वर्ष निघतें. एवढें ज्यास आलें, तो आपल्या गांवचें दप्तर वाचूं लागेल.

असे परीक्षण लिहिणाऱ्यानें स्वतःपासून आरंभ करावा, हें योग्य. माझ्या संग्रहांत एक पोथी अशी होती, कीं जी मीं तरुणपणीं एका घरून आठ दिवसांच्या बोलीनें आणली व चाळीस वर्षें ठेवली. ती गेल्या महिन्यांत त्या घरीं पोंचती केली. तिची नोंद करून एक प्रत तेथल्या वाचनालयांत दिली आहे. त्या गांवच्या यादींतील ती पहिली नोंद आहे.