वर्गातील अवधान आणि भाषा : मार्लवाईच्या प्रयोगाची चिकित्सा

अध्यापनशास्त्राच्या पुस्तकांत विद्यार्थ्यांचे अवधान टिकविण्याचे उपाय ठरलेले असतात : आवाजातील चढउतार, तक्ते, मध्येच विचारलेला प्रश्न. हे उपाय चुकीचे नाहीत. मात्र शिक्षकाचे वाक्य विद्यार्थ्याला कळते, हे त्यांत गृहीत धरलेले असते.

बेज्जूरच्या परिसरात हे गृहीतक टिकत नाही. पूर्वीच्या आदिलाबाद आणि २०१६ पासूनच्या कोमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यातील हे मंडल प्राणहितेच्या बाजूला, गडचिरोलीच्या सीमेलगत आहे. या पट्ट्यातील वर्गात तेलुगू, गोंडी, मराठी व उर्दू बोलणाऱ्या घरांतील मुले येतात. ‘अवधान’ हा शब्दच पाहा. अवधानाची काव्यपरंपरा असलेल्या तेलुगूत तो ओळखीचा, उर्दू घरातील मुलाला ‘तवज्जोह’ जवळचा, तर मराठी मुलगा साधे ‘लक्ष’ म्हणतो. अशा वर्गातील शांतता हे अवधानाचे लक्षण मानणे धोक्याचे आहे.

याच जिल्ह्यात या प्रश्नाला एकदा गंभीरपणे हात घातला गेला होता. १९४० मध्ये जोडेघाट येथे कोमरम भीम मारले गेल्यानंतर निजाम सरकारला गोंडांच्या प्रश्नांकडे पाहणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. वाचनपुस्तके गोंडी भाषेत, पण देवनागरी लिपीत तयार करण्यात आली, कारण या गोंडांचा मराठीशी जुना संबंध होता. उर्दू व मराठीचे जाणकार सेतुमाधवराव पगडी यांनीही याच जिल्ह्यात अधिकारी असताना गोंडीचा अभ्यास केला. मुलाला कळणारी भाषा आणि त्याच्याच समाजातील शिक्षक, हे या प्रयोगाचे खरे बळ होय.

त्याची मर्यादाही तेथेच होती. गोंडी ही पहिली पायरी ठरली; पुढील शिक्षण व सरकारी व्यवहार दुसऱ्याच भाषांत राहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट व राजुरा मुंबई राज्यात आले, उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात गेला आणि तेथे देवनागरी गोंडीचा आधार निखळला. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठाविषयीही हेच म्हणावे लागेल. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा त्याचा आग्रह योग्य होता. परंतु संस्थानातील बहुसंख्य तेलुगू, मराठी व कन्नड भाषकांना उर्दूही शिकूनच घ्यावी लागे. उर्दूच्या अभिमान्यांनी ही बाजू सहसा मांडलेली नाही.

आजच्या महाविद्यालयीन शिक्षकाला गोंडी येत नसेल, तरी बरेच करता येते. परिच्छेद शिकवून झाल्यावर शेजारी बसलेल्या दोघांनी त्याचा आशय आपापल्या भाषेत एकमेकांना सांगावा आणि नंतर दोन वाक्ये वर्गाच्या भाषेत लिहावीत. जमीन, अर्ज, हजर, वकील असे मराठी व उर्दूला समान असलेले शब्द आधी घ्यावेत, जड परिभाषा मागाहून यावी. यात दहा मिनिटे जातात आणि अभ्यासक्रम मागे पडतो, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. मात्र ज्या तासात निम्म्या वर्गाला काहीच कळलेले नसते, तो तासही नोंदवहीत ‘पूर्ण’ म्हणूनच लिहिला जातो.