शेल्फ कुणाच्या उंचीचं?

इन्स्टाग्रामवर ‘होमस्कूलिंग’ शोधून पाहा. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या घरांतल्या खोल्या एकाच घरातल्या वाटतात. पांढरी भिंत, फिकट लाकडाचं बुटकं शेल्फ, कप्प्याकप्प्यात एकेक वस्तू, वेताच्या टोपल्या, खाली गोल गालिचा, कोपऱ्यात एखादी कुंडी. पुस्तकं एक तर रंगांच्या क्रमाने लावलेली, लालपासून जांभळ्यापर्यंत. नाही तर मुखपृष्ठं समोर करून, प्रदर्शनात मांडल्यासारखी. मूल बहुधा नसतंच. असलं तर पाठमोरं, आणि त्याचे कपडेही भिंतीला शोभतील असे.

या चित्राला आता साहित्यप्रकार म्हणायला हरकत नाही. त्याची मांडणी ठरलेली आहे, शब्द ठरलेले आहेत (माँटेसरी शेल्फ, रीडिंग नुक, बुक रोटेशन), आणि त्याची मनापासून नक्कल करणारा वाचकवर्गही आहे. म्हणून कुठल्याही पुस्तकाला विचारते तोच प्रश्न मी यालाही विचारते: हे नेमकं कुणासाठी रचलंय?

प्रश्न सजावटीचा नाही. मुलांना घरीच शिकवायचं ठरवणारी कुटुंबं आपल्याकडे थोडी असली, तरी आहेत. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतो. घरच्या शिक्षणासाठी त्यात वेगळी जागा नाही. पुढे बरेच जण मुक्त विद्यालयाच्या परीक्षांकडे वळतात, पण तीन-चार वर्षांच्या मुलाच्या घरात सुरुवात कशी करायची, हे सांगणारं जवळपास कुणी नसतं. नातेवाईक ‘शाळेत कधी घालणार?’ एवढंच विचारतात. मग मार्गदर्शक म्हणून उरतो तो फोन आणि त्यातली ती पांढरी खोली. शिवाय ही खोली शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांतही पोचली आहे. पुस्तक कुठून घ्यायचं, कुणाला विचारून घ्यायचं आणि कुठल्या भाषेतलं घ्यायचं, हे मूल वाचायला येण्याआधी त्या शेल्फावरूनच शिकतं.

कुलूप लावायचं राहिलं तेव्हा

या खोलीवर ज्यांचं नाव सर्रास लावलं जातं, त्या मारिया माँटेसरींपासून सुरुवात करू. १९०७च्या जानेवारीत रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह उघडलं. तिथलं साहित्य सुरुवातीला कपाटात बंद असायचं. शिक्षिका ते काढून द्यायची आणि परत आत ठेवायची. एके दिवशी शिक्षिका उशिरा आली, आणि आदल्या दिवशी तिचं कपाटाला कुलूप लावायचंही राहून गेलं होतं. येऊन पाहते तर मुलांनी कपाट उघडून आपापल्याला हवं ते काढून घेतलं होतं. शिक्षिकेला ही चोरी वाटली. माँटेसरींना त्यात निवड दिसली: मुलांना कुठली वस्तू कशाची हे आता इतकं ठाऊक झालंय की ती स्वतः ठरवू शकतात. त्यानंतर मोठी कपाटं गेली आणि मुलांच्या हाताला येतील अशी बुटकी कपाटं आली.

म्हणजे बुटकं शेल्फ जन्मलं ते मुलांनी न विचारता हात घातला म्हणून. मुलाचा हात पोचावा, त्याने स्वतः घ्यावं आणि स्वतः जागेवर ठेवावं, याची ती सोय होती. एका प्रकारची एकच वस्तू ठेवण्याचा नियमही याच व्यवहारातला. दुसऱ्याला हवी असेल तर त्याने थांबायचं, किंवा दुसरं काही निवडायचं.

फोनमधल्या खोलीने यातली उंची तेवढी उचलली. किती पुस्तकं बाहेर राहतील, ती दर सोमवारी कधी बदलतील, आत्ता कुठला ‘विषय’ चालू आहे, हे सगळं मोठं माणूस ठरवतं. पावसाळा आला की बेडकांची पुस्तकं वर येतात आणि हत्तीची माळ्यावर जातात, मुलाला त्याच आठवड्यात हत्तीचं वेड लागलेलं असलं तरी. पुस्तकं आलटून-पालटून ठेवण्यात वाईट काही नाही. ढीगभर पुस्तकांत लहान मूल हरवतं हे खरंच आहे. पण माळ्यावर काय आहे हे मुलाला माहीत नसेल आणि ते मागण्याची मुभाही नसेल, तर कुलूप फक्त कपाटावरून माळ्यावर गेलं, एवढंच.

रेल्वेच्या डब्यातलं वाचनालय

तेत्सुको कुरोयानागी यांचं ‘तोत्तोचान’ मराठी घरांत भरपूर वाचलं गेलंय. घरशाळेचा विचार करणाऱ्या आईबापांच्या हातात तर ते हमखास असतं. रेल्वेच्या डब्यांत भरणारी शाळा सगळ्यांना आठवते. मला त्यातला नंतर आलेला एक डबा महत्त्वाचा वाटतो, वाचनालयाचा. तो मिळाल्यावर मुख्याध्यापक कोबायाशी मुलांना सांगतात की कुठल्याही इयत्तेच्या मुलाने कुठलंही पुस्तक घ्यावं, हवं तेव्हा यावं, घरीही न्यावं. मुलं आत घुसतात, जागा मिळेल तिथे बसतात, काही उभीच राहतात. मनातल्या मनात वाचायची सवय नसल्याने सगळी मोठमोठ्याने वाचतात. डबाभर गोंगाट. त्याचा फोटो काढला असता तर तो कुठल्याही ‘रीडिंग नुक’च्या यादीत बसला नसता.

गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक तर मुळालाच हात घालतो. चौथीच्या वर्गातल्या मुलांनी पाठ्यपुस्तकांवर जे पैसे खर्च करायचे, त्यातून तो गोष्टींची पुस्तकं आणून वर्गाचं वाचनालय उभं करतो. एकाच पुस्तकाच्या चाळीस प्रतींपेक्षा चाळीस वेगवेगळी पुस्तकं बरी, हा त्यामागचा साधा हिशेब. घरी शिकवणाऱ्या कुटुंबाला हा हिशेब लगेच पटायला हवा, पण अनेकदा घडतं उलटंच. घरात शाळा आणायची म्हणून आधी वर्कबुकांचे संच येतात, मग छोटा फळा, मग वेळापत्रक. गोष्टीची पुस्तकं उरलेल्या कप्प्यात जातात, ‘अभ्यास झाल्यावर’ची म्हणून.

या दोन्ही पुस्तकांत जागेचं वर्णन फारसं नाही, जागेतल्या परवानगीचं आहे. शेल्फचे फोटो ही परवानगी दाखवू शकत नाहीत, हे मला मान्य आहे. परवानगीचा फोटो निघत नाही. माझी तक्रार एवढीच की फोटोखालच्या मजकुरातही ती क्वचितच सापडते. तिथे असतो शेल्फचा आकार, टोपल्यांची लिंक आणि पुस्तकांची यादी.

पातळ पुस्तकांचं काय करायचं

यादी बहुतेक इंग्रजी असते, आणि इथे मराठी घरापुरता एक वेगळाच पेच सुरू होतो. तो मजकुराचा नसून बांधणीचा आहे.

लहान मुलांची आपली बरीचशी पुस्तकं पातळ असतात. सोळा किंवा चोवीस पानं, मध्ये दोन पिना. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, एकलव्य, कुणाचीही हाताळून पाहा. ही बांधणी विचारपूर्वक आहे: त्यामुळे पुस्तक स्वस्त राहतं आणि जास्त घरांत जातं. पण पिनांच्या पुस्तकाला नाव छापता येईल असा कणा नसतो. नेहमीच्या शेल्फात ते उभं लावलं की दोन जाड इंग्रजी पुस्तकांच्या मधली एक कागदी रेघ होऊन बसतं. जरा दाटीने लावलं तर दिसतही नाही, सैल लावलं तर वाकून खाली घसरतं. शेजारचं पुठ्ठा बांधणीचं इंग्रजी पुस्तक मात्र ताठ उभं असतं, रुंद रंगीत कण्यावर मोठ्या अक्षरांत नाव मिरवत. रंगांच्या क्रमाने पुस्तकं लावायची तर तो रंगही कण्याचाच धरला जातो. म्हणजे इंद्रधनुष्यातून मराठी आपोआप बाहेर.

वर्षभर असं शेल्फ पाहणारं मूल काय शिकेल? पुस्तक म्हणजे जाड, चकचकीत आणि इंग्रजी. मराठीतली ती चोपडी. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. आईबाप मराठीवर मनापासून प्रेम करणारे असू शकतात, झोपताना मराठी गोष्ट सांगणारेही. तरी दुपारी मूल एकटं शेल्फापाशी जातं, तेव्हा त्याच्या हाताला जे लागतं ते फर्निचरने ठरवलेलं असतं.

त्यामुळे मुखपृष्ठ समोर ठेवणारी मांडणी, जिला मी सुरुवातीला प्रदर्शन म्हटलं, ती आपल्याकडे खरोखर गरजेची आहे. फक्त तिला महागडं शेल्फ लागत नाही. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांत वर्गात दोरी बांधून पुस्तकं टांगलेली दिसतात. पिनांचं पुस्तक मधोमध उघडून दोरीवर टाकलं की मुखपृष्ठ समोर येतं, पुस्तक वाकत नाही आणि तीन वर्षांचं मूल ते ओढून काढू शकतं. दोरी मात्र मुलाच्या खांद्याच्या उंचीवर हवी; वर बांधली तर ते तोरण होतं. भाजीच्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये रेकॉर्डसारखी एकामागे एक लावलेली पातळ पुस्तकंही उत्तम चाळता येतात.

रंगांच्या क्रमाला मी सरसकट हसणार नाही. ज्याला अक्षरं येत नाहीत, त्याच्यासाठी रंग ही वाचता येणारी खूण आहे. लेखकाच्या आडनावानुसार लावलेली पुस्तकं त्याला कधीच जागेवर ठेवता येणार नाहीत. टोपलीवर चिकटवलेलं माशाचं किंवा आगगाडीचं चित्र पाहून मात्र ठेवता येतील. कुठलीही पद्धत तपासायची एकच कसोटी मला भरवशाची वाटते: मूल कुणालाही न विचारता पुस्तक काढू शकतं का, आणि परत ठेवू शकतं का? यातल्या ‘परत’वर बहुतेक सुंदर शेल्फं नापास होतात, कारण ती रोज रात्री आई लावते.

पाय लागला की नमस्कार

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, आणि ती परदेशी यादीत सापडणार नाही. पुस्तक म्हणजे सरस्वती. पाय लागला तर नमस्कार करायचा. दसऱ्याला पाटीपूजन. जुन्या मध्यमवर्गीय घरांतलं पुस्तकांचं कपाट काचेचं आणि किल्लीचं. पाहुण्यांना दिसेल, मुलांना मिळणार नाही असं. या आदरातून पुस्तकं टिकली, पिढ्यान्‌पिढ्या पोचली, हे खरं आहे. पण दोन वर्षांचं मूल पुस्तक चघळतं, त्यावर बसतं, त्याचं घर करतं, त्यावरून गाडी फिरवतं. त्याच्यासाठी पुस्तकाशी ओळख इथूनच सुरू होते. ‘फाटेल, ठेव’ हे वाक्य त्याने शंभरदा ऐकलं तर तेही पुस्तक जपायला शिकेल, म्हणजे लांब राहायला.

यावर तोडगा म्हणून आदर टाकून द्यायची गरज नाही. फाटलेलं पान मुलाबरोबर बसून चिकटवणं हाही आदरच आहे. चिकटपट्टी, कात्री आणि जुनी वर्तमानपत्रं पुस्तकांजवळच ठेवली तर ती जागा आपोआप शिकण्याची होते. ग्रंथालयशास्त्राचे आपले आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच नियमांतल्या पहिल्याच नियमाचा गाभा हा आहे की पुस्तक वापरात यायला हवं. तो मोठ्या ग्रंथालयांसाठी होता, पण खरी परीक्षा दीड खोलीच्या घरात होते.

अंगण नसलेल्यांसाठी अंगणवाडी

दीड खोली म्हटल्यावर ‘आमच्याकडे वेगळी खोलीच नाही’ हे ऐकू येतंच. पांढऱ्या खोलीने केलेलं सर्वांत मोठं नुकसान मला हेच वाटतं: शिकायला आधी खोली लागते असं तिने पटवून दिलं. ताराबाई मोडक यांनी या समजाला ऐंशी वर्षांपूर्वी उत्तर दिलं होतं. भावनगरला गिजुभाईंबरोबर काम करून, माँटेसरी पद्धत मुरवून त्या १९४५ साली बोर्डीला आल्या. तिथली बालवाडी सुरू झाली तरी दलित वस्तीतली मुलं तिच्यापर्यंत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, तीच अंगणवाडी. पुढे कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. परदेशी साहित्याच्या जागी चिंचोके, शंख-शिंपले, पानं आणि माती आली.

ताराबाईंनी माँटेसरींचं सामान बाजूला ठेवून तत्त्व उचललं. आपण नेमकं उलटं करतो आहोत. त्यांच्या मार्गाने जायचं तर ठाण्यातल्या वन-बीएचकेमध्ये प्रश्न ‘शेल्फ कुठे बसवू?’ असा उरणार नाही. मूल दिवसभर कुठे असतं, हे आधी पाहावं लागेल. स्वयंपाकघरात ओट्याखाली बसत असेल तर चार पुस्तकं तिथल्या खालच्या खणात. आजीच्या पलंगाजवळ घुटमळत असेल तर तिथे एक पिशवी.

शेवटी हा लेख तुम्ही ज्यावर वाचताय, त्या फोनबद्दल. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत आहेत. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकांचा मोठा साठा फुकट उतरवून घेता येतो. आपल्या आईबापांच्या पिढीला याची कल्पनाही करता आली नसती. पण तो सगळा साठा पासवर्डमागे आहे, आणि पासवर्ड मुलाकडे नाही. नसावा, हेही बरोबर. त्यामुळे शेकडो पुस्तकं घरात असूनही मुलाच्या दृष्टीने ती नाहीतच. त्यातल्या पाच गोष्टी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून, मध्ये दोन पिना मारून दोरीवर टांगल्या, तर मराठीतली पाच पुस्तकं त्याच्या उंचीवर येतील. काळ्या-पांढऱ्या प्रती निघतील आणि फोटोत चांगल्या दिसणार नाहीत. रंग भरायचं काम मुलावर सोडता येईल.