‘एल. ए. न्वार’ : न्वार शैलीचा वारसा

राज खोसला दिग्दर्शित ‘सी.आय.डी.’ (१९५६) या हिंदी चित्रपटात खुनाचा तपास करणारा इन्स्पेक्टर शेखर स्वतःच कोठडीतील मृत्यूचा आरोपी ठरतो. सत्यशोधकच संशयित होणे, हे न्वार चित्रपटशैलीचे मर्म होय. १९४७ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडणारा ‘एल. ए. न्वार’ (२०११) हा व्हिडिओ गेम या शैलीतील छायाप्रकाश स्वीकारतो. कृष्णधवल दृश्यांचा पर्यायही देतो. मात्र येथे ३२ कॅमेऱ्यांनी टिपलेले अभिनेत्यांचे चेहरे न्याहाळून खेळाडूने साक्षीदाराचे खरे-खोटे ठरवायचे असते आणि निर्णय बरोबर की चूक, हे गेम तत्काळ सांगतो. परिणामी संशयाचे गुणांकन होते. तथापि तपास कितीही अचूक केला, तरी नायक कोल फेल्प्सची विवाहबाह्य संबंधामुळे होणारी बदनामी टळत नाही. इतरांचे खोटे पकडणारा स्वतः पत्नीशी खोटे वागलेला असतो. न्वारचा वारसा प्रकाशयोजनेपेक्षा या विसंगतीत अधिक जाणवतो.